औद्योगिक टाकाऊ द्रव्यांपासून पिशव्या : भांडुप परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयप्रवेश

मालमोटारीच्या चाकातील रबरी ट्यूबला न बुजणारे भोक पडले म्हणजे ती निकामी झाली असे आपण म्हणतो. हवा धरून ठेवणे हे तिच्याकडून अपेक्षित असलेले एकमेव कार्य तिला यापुढे करता येत नाही आणि म्हणून ती भंगारात जाते. तथापि त्या भोकाभोवतीचे सर्व रबर जवळजवळ पूर्वीइतकेच चिवट, लवचिक व पाण्याला दाद न देणारे असते. ट्यूब निकामी झाली, रबर झालेले नाही. ‘टाकाऊ’ हे विशेषण आपण द्रव्याला लावतो खरे. परंतु तो वस्तुतः त्या द्रव्याच्या एका विवक्षित उपयोगाविषयीचा निवाडा असतो.

गेल्या तीन दशकांत जगातील अनेक शहरांतून अशा निवाड्याने बाद ठरलेल्या द्रव्यांपासून (ट्यूबा, ताडपत्र्या, मोटारींचे आसनपट्टे, अग्निशामक दलाच्या नळ्या, प्लास्टिकची वेष्टने इत्यादींपासून) पिशव्या, पाकिटे, कमरपट्टे व तत्सम वस्तू करण्याचा एक व्यवसाय उदयास आला आहे. गरजेपोटी केलेल्या ठिगळकामाशी या वस्तूंचे साम्य नाही. त्या देखण्या असतात, मोठ्या दुकानांतून मांडल्या जातात आणि पुष्कळदा नव्या कापडाच्या पिशवीहून अधिक किमतीस विकल्या जातात. या व्यवसायाचे स्वरूप द्रव्याचे गुणधर्म, घडणीची पद्धती आणि मूल्याची वाटणी अशा तीन अंगांनी तपासावे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी भांडुपचा परिसर समोर ठेवला आहे. कारण कारखाना, भंगाराचा व्यापार, कचऱ्याची विल्हेवाट आणि हातावर पोट असलेली श्रमिक वस्ती या चारही गोष्टी तेथे एकमेकींच्या शेजारी नांदताना दिसतात.

परिभाषेविषयी प्रारंभीच दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. वस्तू आहे त्या रूपात पुन्हा वापरणे हा ‘पुनर्वापर’ होय. वस्तू मोडून, वितळवून वा दळून तिच्या द्रव्यापासून पुन्हा कच्चा माल करणे हे ‘पुनश्चक्रण’ होय. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी क्रिया आहे : वस्तू मोडावयाची, परंतु तिचे द्रव्य मोडावयाचे नाही, त्याची वीण, जाडी, ताण सोसण्याची शक्ती जशीच्या तशी राखून त्यातून निराळी व अधिक मोलाची वस्तू घडवावयाची. इंग्रजीत हिला अपसायकलिंग म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘पुनर्घडण’ हा शब्द योजिला आहे. आपला विषय या तिसऱ्या क्रियेचा आहे.

२. भांडुपचा औद्योगिक परिसर

मुंबईच्या औद्योगिक इतिहासात भांडुपचे नाव फार आरंभी येते. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क हे १८४३ मध्ये भांडुपला गेले असता मुंबई ही ठाणे, कल्याण व घाटांशी लोहमार्गाने जोडावी ही कल्पना त्यांना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली ती याच गावाच्या सीमेतून. लोहमार्गाला समांतर जाणारा जुना आग्रा रस्ता, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, हा स्वातंत्र्योत्तर काळात कारखान्यांचा रस्ता बनला. शीवपासून ठाण्यापर्यंतच्या या पट्ट्यात रसायने, औषधे, यंत्रे, रंग व रबर यांचे लहानमोठे उद्योग उभे राहिले. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएट टायर्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना भांडुपचा. एशियन पेंट्सचा एक महत्त्वाचा कारखानाही येथलाच. गेस्ट कीन विल्यम्सचे यंत्रभागांचे कामही येथे चाले.

या चित्रात पुढे मोठा बदल झाला. जमिनीचे वाढते भाव, प्रदूषणविषयक निर्बंध, कामगार-मालक संघर्ष आणि उत्पादन मुंबईबाहेर नेण्याचे धोरण या कारणांनी पट्ट्यातील अनेक कारखाने बंद पडले किंवा स्थलांतरित झाले. एशियन पेंट्सच्या भांडुप कारखान्यातील रंगांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. गेस्ट कीन विल्यम्सचा कारखाना राहिला नाही. सिएटचा कारखाना मात्र टिकून आहे. अन्यत्र कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे व व्यापारी संकुले आली. काही ठिकाणी जुन्या गिरणीचे नाव तेवढे पत्त्यात उरले. पन्नालाल सिल्क मिल्स कंपाउंड हे असे एक नाव आहे. या कंपाउंडांतील गाळ्यांतून आज छपाई, शिलाई, साचेकाम, वेष्टनांचे काम असे लहान उद्योग चालतात.

औद्योगिक अवशेषांच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, एका मोठ्या कारखान्यातून एकाच जातीचा टाकाऊ माल मोठ्या प्रमाणात बाहेर पडण्याचे दिवस मागे पडून, अनेक लहान गाळ्यांतून नाना जातींचा माल थोडाथोडा बाहेर पडू लागला आहे. कात्रणे, नापास ठरलेल्या गुंडाळ्या, जुने पट्टे, फाटक्या ताडपत्र्या, उतरवलेले जाहिरातींचे फलक असा हा संमिश्र माल असतो. तो भंगारवाल्याच्या दुकानात एकत्र येतो, तेथे जातवार निवडला जातो आणि पुढे जातो. जो निवडला जात नाही तो महापालिकेच्या गाडीतून क्षेपणभूमीवर जातो. शेजारच्या मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ मध्ये बंद झाल्यानंतर या शहराच्या कचऱ्याचा फार मोठा भाग कांजूरमार्गला, म्हणजे भांडुपच्या अगदी लगत, येऊन पडतो. भंगारवाल्याच्या तराजूवर चढलेला आणि न चढलेला माल यांतील फरक या परिसराला अशा रीतीने दररोज भोगावा लागतो.

३. जुनी परंपरा आणि नवी वस्तू

पुनर्घडण ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हे. जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ, तेलाच्या डब्याची बादली, बाद टायरच्या तळाची चप्पल, गोणपाटाची पिशवी या वस्तू महाराष्ट्राच्या घराघरांत होत्या व काही अंशी आजही आहेत. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही तर एका सुसंघटित पुनर्वापर-व्यापाराची दारोदार फिरणारी प्रतिनिधीच होय. भार वाहण्याच्या कामी चिवट द्रव्याची पिशवी वापरण्याची परंपराही जुनी आहे. विहिरीवरची चामड्याची मोट आणि पाणक्याची पखाल ही तिची ठळक उदाहरणे.

मग नवीन काय? टायरची चप्पल स्वस्त आहे म्हणून घेतली जाते. ती टायरची आहे हे घेणाऱ्यास ठाऊक असते, परंतु त्याचे त्याला कौतुक नसते. नवी चामडी चप्पल परवडती तर त्याने ती घेतली असती. नव्या पिशवीचा ग्राहक नेमका उलट वागतो. ती ट्यूबची आहे म्हणूनच तो तिला अधिक किंमत देतो. ट्यूबवरील अक्षरे, व्हॉल्वची खूण, ताडपत्रीवरील अर्धवट कापला गेलेला शब्द हे सर्व पूर्वी लपविण्याचे दोष होते. आता ते वस्तूचे अलंकार झाले आहेत.

या वळणाचा एक स्पष्ट आरंभबिंदू स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे सापडतो. मार्कुस आणि डॅनियल फ्रायटाग या बंधूंनी १९९३ मध्ये मालमोटारीच्या वापरलेल्या ताडपत्रीची पिशवी केली. तिचा खांद्याचा पट्टा मोटारीच्या आसनपट्ट्याचा होता आणि कडा सायकलच्या ट्यूबने बांधलेल्या होत्या. सायकलवरून हिंडणाऱ्या माणसाला पावसात सामान कोरडे ठेवता यावे ही त्यामागची व्यावहारिक गरज होती. ताडपत्रीचा प्रत्येक तुकडा निराळा असल्यामुळे प्रत्येक पिशवी एकमेव ठरली आणि साचेबंद उत्पादनाच्या युगात हेच तिचे विक्रीमूल्य बनले. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ही पिशवी आपल्या संग्रहात घेतली. २००५ पासून लंडनमधील एल्विस अँड क्रेस या संस्थेने अग्निशामक दलाच्या बाद नळ्यांपासून पिशव्या व कमरपट्टे करण्यास प्रारंभ केला आणि त्या मालावरील नफ्याचा अर्धा भाग अग्निशामक जवानांच्या धर्मादाय संस्थेस देण्याची पद्धत ठेवली. ज्यांच्या हातून द्रव्य आले त्यांच्याकडे मूल्याचा काही भाग परत जावा, हा मुद्दा येथे प्रथमच नियमरूपाने दिसतो. त्याकडे आपणांस पुढे वळावयाचे आहे.

४. द्रव्यांचे गुणधर्म

पिशवीकडून आपली अपेक्षा थोडी असते : भार पेलावा, घर्षण सोसावे, पाणी आत येऊ देऊ नये आणि वारंवार दुमडल्याने चीर पडू नये. औद्योगिक द्रव्ये याहून कितीतरी कठोर अपेक्षांसाठी घडविलेली असतात. म्हणूनच मूळ कामातून बाद झाल्यावरही पिशवीच्या कामासाठी त्यांच्यात पुरेशी शक्ती शिल्लक असते. मुख्य द्रव्यांचा क्रमाने विचार करू.

ट्यूबचे रबर : आजच्या बहुतेक ट्यूबा ब्युटिल रबराच्या असतात. आयसोब्युटिलिन आणि अल्प प्रमाणात आयसोप्रीन यांच्या संयोगाने होणारे हे कृत्रिम रबर अमेरिकेत १९३७ मध्ये सिद्ध झाले. नैसर्गिक रबराच्या तुलनेने त्यातून हवा सुमारे दहापट कमी झिरपते. ऊन व ओझोन यांनी ते लवकर तडकत नाही. गंधकाच्या साहाय्याने रबराचे रेणू एकमेकांशी सांधण्याची जी क्रिया चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधली, तिच्यामुळे रबर टिकाऊ होते. परंतु त्याच क्रियेमुळे ते पुन्हा वितळत नाही. पुनश्चक्रणासाठी हे सांधे उष्णतेने व रसायनांनी तोडावे लागतात आणि असे परत मिळविलेले रबर मूळच्या रबराहून दुर्बळ असते. पिशवी करताना हे सांधे अभंग राहतात. पुनर्घडणीचा शास्त्रीय लाभ येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

टायर : टायर ट्यूबइतके सुलभ नाही. त्याच्या कडेत पोलादी तारांचा कडा असतो आणि रेडियल जातीच्या टायरमध्ये तळाखालीही पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे साध्या सुरीने ते कापता येत नाही. नायलॉनच्या थरांचे जुन्या पद्धतीचे टायर चपलांच्या तळांसाठी वापरले जातात ते याच कारणाने. पिशवीसाठी टायर वापरावयाचे तर ते बहुधा दळून, त्याचे पातळ पत्रे करूनच वापरावे लागते. तेव्हा ही क्रिया पुनर्घडणीकडून पुनश्चक्रणाकडे झुकते.

आसनपट्टा : पॉलिएस्टरच्या धाग्यांची ही दाट विणलेली फीत सुमारे पावणेपाच सेंटिमीटर रुंद असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ती तुटण्यापूर्वी किमान सुमारे १,५०० किलोग्रॅम भाराइतका ताण तिने सोसला पाहिजे. दहा किलो भाजी वाहणाऱ्या पिशवीच्या बंदासाठी ही शक्ती अतोनात आहे. जुन्या मोटारी मोडीत निघताना पोलाद, ॲल्युमिनियम व तांबे यांना गिऱ्हाईक असते. फितीला सहसा नसते. म्हणून ती स्वस्त मिळते.

ताडपत्री व जाहिरातींचे फलक : युरोपातील मालमोटारींची ताडपत्री आणि आपल्याकडील ‘फ्लेक्स’ हे दोन्ही पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर देऊन केलेले असतात; फलकाचा थर अर्थातच पातळ. पीव्हीसीत क्लोरीन असते व ते मऊ राहावे म्हणून त्यात तैलसदृश द्रव्ये मिसळलेली असतात. असा माल उघड्यावर जाळल्यास विषारी वायू निर्माण होतात. जाळी व थर एकमेकांपासून सोडविणे अवघड असल्याने त्याचे पुनश्चक्रणही कष्टसाध्य आहे. अशा द्रव्याची पिशवी करणे हा उपाय नसून विलंब आहे. परंतु काही वर्षांचा विलंब हाही लाभच होय.

प्लास्टिकची वेष्टने : बिस्किटे, वेफर्स इत्यादींची चकचकीत वेष्टने अनेक थरांची असतात. प्रत्येक थराचे द्रव्य निराळे असल्याने ती वितळवून एकजिनसी माल होत नाही आणि भंगारवाला ती घेत नाही. तथापि त्यांच्या अरुंद पट्ट्या कापून धाग्याप्रमाणे विणता येतात.

५. घडणीची कृती

या कामात सर्वाधिक वेळ शिलाईस लागत असेल असा सामान्य समज असतो. प्रत्यक्षात निवड, धुलाई व कापणी या शिलाईपूर्व क्रियाच अधिक श्रमाच्या आहेत. ट्यूबचेच उदाहरण पाहावे.

ट्यूब आतल्या परिघाच्या बाजूने चिरली म्हणजे आतील शंखजिऱ्याची भुकटी बाहेर पडते. ही भुकटी रबर एकमेकांस चिकटू नये म्हणून घातलेली असते. ती व बाहेरील वंगण साबणाच्या पाण्याने धुवावे लागते; अन्यथा गोंद धरत नाही आणि पुढे पिशवीतील कागद काळे होतात. ट्यूब दोन दिशांनी वक्र असते. त्यामुळे ती चिरली तरी कापडासारखी सपाट पसरत नाही. कारागिरास एकतर लहान तुकडे घेऊन वक्रता मोडावी लागते किंवा ती वक्रताच पिशवीच्या आकारात सामावून घ्यावी लागते. मापाचा नमुना ठेवताना पूर्वीची ठिगळे, व्हॉल्व व झिजलेले भाग चुकवावे लागतात. एकाच मापाचे शंभर तुकडे एका घडीत कापण्याची तयार कपड्यांच्या कारखान्यातील पद्धत येथे चालत नाही. प्रत्येक तुकड्यापाशी निर्णय घ्यावा लागतो.

शिलाईतही निराळे नियम आहेत. कापडात टोचलेली टाचणी काढली की भोक मिटते. रबरात ते कायम राहते. म्हणून टाचणीऐवजी चिमटे लावतात आणि एकदा घातलेली शिवण सहसा उसवीत नाहीत. टाके फार जवळ घातल्यास भोकांची ओळ तिकिटाच्या कडेप्रमाणे फाटते. म्हणून टाका लांब ठेवतात. रबर यंत्राच्या पायास चिकटते. त्यासाठी गुळगुळीत टेफ्लॉनचा पाय, अथवा खालून व वरून दोन्हीकडून माल पुढे ओढणारे चामड्याच्या शिलाईचे यंत्र लागते. उलटपक्षी रबराची कड उसवत नसल्याने ती दुमडून शिवावी लागत नाही, एवढी सवलत मिळते.

या सर्वांतून एक गोष्ट ध्यानात येते. हे कौशल्य कापड शिवणाऱ्या शिंप्याचे जितके आहे त्याहून अधिक चामडे शिवणाऱ्या चर्मकाराचे आहे. सलग ताग्याऐवजी अनियमित आकाराचे कातडे समोर ठेवून, त्यातील डाग व पातळ भाग चुकवीत, कमीत कमी कात्रण पडेल अशा बेताने माप मांडणे ही त्याची परंपरागत विद्या. टाकाऊ द्रव्याला तीच लागू पडते.

६. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

भांडुपहून मध्य रेल्वेनेच शीवला उतरले की धारावीची वस्ती लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चामड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या वस्तीत वरील विधानाचा प्रत्यक्ष पडताळा मिळतो. महाराष्ट्र पशुसंरक्षण (सुधारणा) अधिनियमास २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईंबरोबरच बैल व वळू यांच्या हत्येसही राज्यात बंदी झाली. चामड्याच्या पुरवठ्यावर व त्यावर अवलंबून असलेल्या कारागिरांवर याचा परिणाम झाला. या पार्श्वभूमीवर चित्रकार सुधीर राजभर यांनी धारावीतील कारागिरांसह ‘चमार स्टुडिओ’ ही संस्था उभी केली. चामड्याच्या जागी पुनश्चक्रित रबराचे पत्रे घेऊन, चामड्याच्याच पद्धतीने पिशव्या घडविणे हे तिचे कार्य. २०२४ मध्ये मायामी येथील संकल्पन-प्रदर्शनात या संस्थेच्या रबरी खुर्च्या मांडल्या गेल्या.

संस्थेचे नाव हेतुपुरस्सर निवडलेले आहे. जो शब्द शतकानुशतके हिणविण्यासाठी वापरला गेला, तो वस्तूवर उत्पादकाचे नाव म्हणून छापावयाचा. म्हणजे वस्तूचे मोल मान्य करणाऱ्यास तो शब्दही सन्मानाने उच्चारावा लागतो. आपल्या समाजात मेलेल्या जनावराचे कातडे हा टाकाऊ माल आणि त्यावर काम करणारा माणूस अस्पृश्य, हे दोन निवाडे एकाच मुखातून निघाले होते. द्रव्य टाकाऊ ठरविणारी दृष्टी माणसालाही टाकाऊ ठरविते, हे सामाजिक सत्य या उदाहरणातून जितके उघड होते तितके अन्य कोठे क्वचितच होत असेल.

दुसरे उदाहरण पुण्याचे. नंदन भट आणि अमिता देशपांडे यांनी आरंभलेल्या ‘आरोहणा’ या उपक्रमातून पुढे ‘रीचरखा’ व ‘इकोकारी’ अशा दोन संस्था काम करू लागल्या. टाकून दिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टने गोळा करून धुवावयाची, वाळवावयाची, हातांनी लांब पट्ट्या कापावयाच्या, त्या चरख्यावर गुंडाळावयाच्या आणि हातमागावर त्यांचे कापड विणून पिशव्या शिवावयाच्या, असा हा क्रम आहे. प्लास्टिक वितळविले जात नाही. रंगही बाहेरून दिला जात नाही, वेष्टनांचेच रंग कापडात उतरतात. खादीच्या चळवळीने ज्या साधनांना प्रतिष्ठा दिली ती साधने येथे एका सर्वस्वी निराळ्या द्रव्यावर चालतात. चरख्याचे अर्थशास्त्र मात्र तेच राहते : भांडवल थोडे, श्रम पुष्कळ, वेग कमी, रोजगार अधिक.

७. किलोचा भाव आणि नगाचा भाव

आता मूल्याच्या प्रश्नाकडे वळू. भंगाराच्या बाजारात ट्यूब किलोने विकली जाते; दुकानात पिशवी नगाने विकली जाते. या दोन भावांतील अंतर हाच या व्यवसायाचा गाभा आहे. हे अंतर चार गोष्टींनी भरते : गोळा करण्याचे व निवडण्याचे श्रम, घडणीचे श्रम, संकल्पकाची कल्पकता आणि वस्तूची कथा, म्हणजे ती कशापासून व कोणी केली याचे ग्राहकास वाटणारे मोल.

यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी ग्राहकाच्या नजरेसमोर असतात, पहिली सर्वांत दूर असते. कचरा वेचणारी स्त्री आणि भंगाराच्या दुकानात माल निवडणारा मजूर यांना मोबदला किलोच्या हिशेबाने मिळतो. त्यांनी निवडलेल्या ट्यूबची पुढे महागडी पिशवी झाली काय किंवा ती दळली गेली काय, त्यांच्या हाती पडणारी रक्कम बदलत नाही. वस्तुतः निवड हीच येथे पहिली घडण आहे. स्वच्छ, न कुजलेली, एका जातीची ट्यूब बाजूला काढली गेली नाही तर पुढची सारी कल्पकता निरर्थक ठरते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ या कार्यक्रमाद्वारे कचरावेचक स्त्रियांना प्रशिक्षण व संघटन दिले, त्यामागील एक भूमिका हीच होती की, वेचणे हे एक कुशल व समाजोपयोगी काम मानले जावे. पुनर्घडणीच्या वस्तूंवर कारागिराचे नाव येऊ लागले आहे. वेचकाचा वाटा मात्र किमतीत अद्याप फारसा दिसत नाही. एल्विस अँड क्रेसचे उदाहरण वर दिले ते याचसाठी. नफ्याचा वाटा द्रव्याच्या उगमाकडे नेणे व्यवहारात अशक्य नाही.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. समजा, एक लहान कार्यशाळा दिवसाला वीस पिशव्या करते व प्रत्येकीस अर्धा किलो रबर लागते. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरल्यास एकंदर तीन टन रबर खपेल. दहा टन माल वाहणारी एक मालमोटार याच्या तिप्पट भंगार एका खेपेत आणून टाकते. तेव्हा पिशव्यांमुळे शहराचा कचरा कमी होईल, ही जाहिरातींतून सुचविली जाणारी अपेक्षा गणिताच्या कसोटीस उतरत नाही. या व्यवसायाचे समर्थन टनांच्या भाषेत न करता प्रतिकिलो निर्माण होणाऱ्या रोजगाराच्या भाषेत करावे लागेल. तीन टन रबर दळण्यास एका यंत्राचे थोडे तास पुरतात. त्याच्याच पिशव्या करण्यास काही कुटुंबांना वर्षभराचे काम मिळते.

तिसरा प्रश्न कायद्याचा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने घातक व अन्य कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून टायरच्या उत्पादकांवर व आयातदारांवर बाद टायरांच्या विल्हेवाटीची जबाबदारी टाकली. २०२२-२३ मध्ये ३५ टक्के, पुढील वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ मध्ये १०० टक्के अशी ही जबाबदारी चढत गेली. तिची पूर्तता नोंदणीकृत पुनश्चक्रकांकडून प्रमाणपत्रे घेऊन होते. टायरांची बेवारस विल्हेवाट थांबविण्याच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु या हिशेबात दळलेले रबर, परत मिळविलेले रबर, तेल व काजळी अशी उत्पादने गणली जातात. गाळ्यात बसून सुरीने रबर कापणारा कारागीर त्यात बसत नाही. टाकाऊ मालाला जसजसा अधिकृत भाव येईल तसतसा तो मोठ्या यंत्राकडे वळेल आणि कारागिरास तो महाग पडू लागेल, हा धोका नजरेआड करता येत नाही. शिवाय मोटारींत ट्यूबविरहित टायर रूढ झाल्याने ट्यूबांचा पुरवठाही पूर्वीसारखा राहिलेला नाही.

चौथा प्रश्न पिशवीच्या अखेरीचा. रबर, पॉलिएस्टरची फीत, धातूची कडी, सुती अस्तर व गोंद यांची एकत्र शिवलेली पिशवी जेव्हा झिजते, तेव्हा ती मूळ ट्यूबहून अधिक गुंतागुंतीचा कचरा होते. गोंद टाळणे, अस्तर सुटे ठेवणे, कडी स्क्रूने बसविणे असे साधे उपाय संकल्पनाच्या पातळीवरच योजले तर ही अडचण बरीच कमी होईल. उसवता येईल अशी शिवण हीसुद्धा एक गुणवत्ता मानली गेली पाहिजे.

८. अभ्यासाच्या दिशा

भांडुपचा परिसर या विषयाच्या क्षेत्रीय अभ्यासास विशेष अनुकूल आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांतून कोणता टाकाऊ माल किती व कोणत्या ऋतूत बाहेर पडतो, याची पद्धतशीर नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका वर्षात करता येईल. भंगाराच्या दुकानांतील निवडीचे वर्ग आणि त्यांची नावे हा भाषाशास्त्र व अर्थशास्त्र या दोहोंच्या सीमेवरील विषय आहे. कारण ज्या मालाला बाजारात स्वतंत्र नाव आहे त्यालाच स्वतंत्र भाव असतो. एका पिशवीच्या किमतीतील प्रत्येक रुपया वेचक, भंगारवाला, कारागीर, संकल्पक व दुकानदार यांच्यात कसा वाटला जातो, याची तपशीलवार मोजणी ही तिसरी व सर्वांत निकडीची गरज आहे. बंद झालेल्या कारखान्यांतील यंत्रकाम, साचेकाम, रबरकाम जाणणारे कामगार याच परिसरात वृद्ध होत आहेत. त्यांचे ज्ञान नोंदविण्यास विलंब झाल्यास तेही गमवावे लागेल.

समारोप करताना प्रारंभीच्या मुद्द्याकडे एका निराळ्या अंगाने पाहता येईल. कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रे विकली जातात, जमीन विकली जाते, भंगारही विकले जाते. प्रत्येकाला भाव असतो. कामगाराच्या हातातील कौशल्याला मात्र त्या लिलावात बोली नसते. टाकाऊ द्रव्याची सुबक पिशवी ही त्या कौशल्याला पुन्हा बोली लावण्याची एक छोटी व्यवस्था आहे. ती शहर स्वच्छ करणार नाही. परंतु द्रव्य बाद ठरले म्हणून त्याच्याभोवतीचे श्रम बाद ठरत नाहीत हे ती हिशेबात मांडून दाखवू शकते. आणि तो हिशेब वेचकापर्यंत पोहोचतो की नाही यावरच या व्यवसायाचे खरे मूल्यमापन व्हावयास हवे.